पाकीटमारांचे जुने शब्द

मागच्या भागाखाली एका दर्शकानं प्रश्न विचारला होता: जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत ‘कटपर्स’, ‘फुटपॅड’ असे शब्द येतात, ते नेमके कोण, आणि मराठीत त्यांना काय म्हणायचं? प्रश्न छोटा होता. मी कोश काढून बसलो आणि दोन आठवडे गेले. आज त्याबद्दलच बोलतो.

आधी इंग्रजी बाजू उरकून घेऊ. कटपर्स म्हणजे थैली कापणारा. सोळाव्या शतकातला इंग्रज पैशाची थैली कमरेच्या पट्ट्याला लटकवून फिरायचा. छोट्या सुरीनं दोरी कापली की थैली आपली. पुढे कपड्याला आतून खिसे आले, थैली आत गेली, आणि चोराला सुरी सोडून बोटं वापरावी लागली. मग शब्दही बदलला: पिकपॉकेट. पोशाख बदलला की चोर बदलतो आणि मागून शब्द बदलतो, हे लक्षात ठेवा, आपल्याकडेही तेच दिसणार आहे.

फुटपॅड हा रस्त्यावरचा लुटारू, पण पायी चालणारा. ‘पॅड’ म्हणजे वाट. घोड्यावरून लुटणारा तो हायवेमन. त्याच्यावर गाणी रचली गेली, पायी चालणाऱ्यावर कुणी रचली नाहीत. पायदळाच्या नशिबी हेच असतं, हे मी अनुभवानं सांगतो.

रॉबर्ट ग्रीन नावाच्या लेखकानं 1591–92 मध्ये लंडनच्या भामट्यांवर छोटी पुस्तकं लिहिली. त्यात ‘निप’ आणि ‘फॉइस्ट’ असे दोन प्रकार आहेत. निप सुरीनं थैली कापतो, फॉइस्ट नुसत्या हातानं खिसा साफ करतो. आणि फॉइस्ट स्वतःला निपपेक्षा वरच्या दर्जाचा समजतो! चोरीतही ज्येष्ठता यादी.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. विल्यम फ्लीटवुड हा लंडन शहराचा मोठा न्यायिक अधिकारी. त्यानं 1585 मध्ये लॉर्ड बर्लीला पत्र लिहून कळवलं की बिलिंग्जगेटजवळ वॉटन नावाच्या माणसानं पोरांना खिसे कापायला शिकवणारी शाळाच काढली आहे. तिथे एक खिसा आणि एक थैली टांगलेली असे. दोन्हींना बारीक घंट्या बांधलेल्या. घंटी न वाजवता खिशातली सोंगटी काढली की पोरगा पहिली परीक्षा पास. घंटी न वाजवता थैलीतलं चांदीचं नाणं काढलं की वरची पदवी. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला फेगिन हेच शिकवतो, पण ती कादंबरी 1837 ते 39 दरम्यान आली. म्हणजे वॉटनची शाळा फेगिनच्या अडीचशे वर्षं आधीची.

शिक्षा मात्र गमतीची नव्हती. 1565 च्या कायद्यानं खिसा कापणाऱ्याला फाशीतून सुटण्याची जुनी पळवाट बंद केली. बारा पेन्सांहून जास्त मुद्देमाल असेल तर फाशी. हे 1808 पर्यंत चाललं, तेव्हा सॅम्युएल रोमिली या खासदारानं ते रद्द करवून घेतलं. त्या 1565 च्या कायद्याच्या प्रस्तावनेत एक मजेदार गोष्ट आहे: या चोरांचा जणू कारागिरांसारखा एक संघ आहे, असं तिथे म्हटलंय. सुतारांचा संघ, सोनारांचा संघ, तसा खिसेकापूंचा संघ. संघात माणूस शिरतो, शिकतो, आणि वाटलं तर बाहेरही पडतो. हा मुद्दा बाजूला ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या घरात येऊ.

इथे रायपूरला सकाळी हिंदी वर्तमानपत्र उघडलं की आठवड्यात एकदा तरी मथळा असतो ‘उठाईगिरी’. बँकेतून पैसे काढून कुणी स्कूटरच्या डिकीत ठेवतो, पाच मिनिटं चहाला थांबतो, आणि पिशवी गायब. उठाईगीर म्हणजे उचलून नेणारा. मराठीत याला तंतोतंत जुळणारा शब्द आहे उचल्या. हिंदीत खिसेकापूला ‘गिरहकट’ म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. मराठीत त्याचा भाऊ आहे गंठीचोर, म्हणजे गाठ सोडणारा किंवा गाठोडं पळवणारा. आपल्या पूर्वजांच्या धोतराला खिसा नव्हता. पैसा असायचा कनवटीला, पदराच्या गाठीला, किंवा कमरेच्या कशात. म्हणून आधी गाठ कापणारा. मग अंगरख्याला खिसा आला, तो शब्दही फारसीतल्या ‘कीसा’वरून आलेला, आणि खिसेकापू जन्माला आला. मग खिशात पाकीट आलं आणि पाकीटमार. आता पाकिटात रोख नाही, पैसा मोबाइलमध्ये, आणि फोनवरून ओटीपी मागणाऱ्याला अजून आपल्याकडे धड देशी नाव नाही. ‘सायबर ठग’ म्हणतो, म्हणजे ‘ठग’ हा जुनाच शब्द नव्या गाडीला जोडलाय.

पण उचल्या आणि गंठीचोर ही जोडी किती जुनी असेल? याज्ञवल्क्यस्मृतीत हे दोघे शेजारी शेजारी उभे आहेत: उत्क्षेपक आणि ग्रंथिभेद. उत्क्षेपक म्हणजे वर उचलणारा, ग्रंथिभेद म्हणजे गाठ फोडणारा. विज्ञानेश्वरानं कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, मिताक्षरा टीका लिहिली, साधारण इसवी सन 1100 च्या सुमारास. तो समजावून सांगतो की उत्क्षेपक वस्त्रं वगैरे उचलून नेतो आणि ग्रंथिभेद वस्त्रात बांधलेलं सोनंनाणं काढून घेतो. पहिल्या गुन्ह्याला एकाचा हात आणि दुसऱ्याची अंगठा-तर्जनीची चिमटी छाटायची. दुसऱ्यांदा सापडला तर एक हात आणि एक पाय. अंगावर काटा येतो. तरी त्या क्रूर शिक्षेतही मोजणी आहे: पहिला गुन्हा, दुसरा गुन्हा. आधी गुन्हा व्हावा लागतो, मग माणूस उत्क्षेपक ठरतो.

कोशांकडे वळू. इथे मला एक फौजी योगायोग सापडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी चोरबाजारी शब्दांचा गाजलेला कोश 1785 मध्ये फ्रान्सिस ग्रोसनं काढला, तो मिलिशियातला कॅप्टन. मराठी-इंग्रजी मोठा कोश 1831 मध्ये मोल्सवर्थनं काढला, तो मुंबई फौजेतला अधिकारी, आणि त्याचे मदतनीस कँडी बंधू तेही फौजीच. ठगांच्या गुप्त बोलीचा कोश, ‘रामासीयाना’, 1836 मध्ये स्लीमननं काढला. तोही बंगाल फौजेतला कॅप्टन, जबलपूरला बसलेला. लोक म्हणतात फौजी माणसाला शब्दांचं काय कळतं!

पण या तीन कोशांत एक फरक आहे. ग्रोस सराईत चोरांचे शब्द गोळा करतो आणि हसतो. मोल्सवर्थ भाषा नोंदवतो. त्याच्या कोशात उचल्या, भामटा हे शब्द भेटतात. स्लीमन मात्र शब्द गोळा करता करता माणसांच्या वंशावळी काढतो: कुणाचा बाप ठग, कुणाचा आजा ठग. इंग्रजीतला ‘थग’ हा शब्द आपल्याच ठगावरून गेलाय, आणि आज अमेरिकेत कुठल्याही गुंडाला थग म्हणतात. तिकडे गेल्यावर शब्द सैल झाला. इकडे तो आवळत गेला.

1871 साली सरकारनं क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला, मराठीत गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद असा होता: या देशात धंदा जातीनं चालतो. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तर चोराचा मुलगा चोर. म्हणून अख्खी जमातच गुन्हेगार जाहीर करायची. एकदा अधिसूचना निघाली की तिच्यावर न्यायालयात प्रश्न विचारता येत नसे. पोलीसठाण्यात सगळ्यांची नोंद, गाव सोडायचं तर पास, आणि ठरल्या वेळी हजेरी. 1897 च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची सोय केली. आधी हा कायदा उत्तरेत होता. 1911 च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू झाला.

इंग्रज आपल्या घरी साधू होते असं नाही. तिकडेही 1562 च्या कायद्यानुसार जिप्सी असणं हाच एका काळी फाशीचा गुन्हा होता, आणि तो कायदा 1783 मध्ये रद्द झाला. म्हणजे घरी जी चूक सोडून दिली, ती नव्वद वर्षांनी इथे नव्यानं, जास्त पद्धतशीरपणे केली.

आता आपल्या भागाकडे या. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होतं. या प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ 1916 मध्ये निघाला. (आपल्याकडे छत्तीसगढी व्याकरण लिहिणारे हिरालाल काव्योपाध्याय वेगळे, घोटाळा करू नका.) या ग्रंथात ‘भामटा’ हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वर्धा, नागपूर, चांदा या जिल्ह्यांत मिळून चारेक हजार माणसं. मुंबई इलाख्यात यांनाच उचल्या आणि गंठाचोर म्हणतात, असंही तिथे लिहिलंय. म्हणजे आपले तिन्ही शब्द एका जमातीच्या माथ्यावर. मग त्यांच्या रेल्वेतल्या चोऱ्यांचं वर्णन येतं: तिसऱ्या वर्गात बाकाखाली चादर ओढून झोपायचं आणि दुसऱ्याची पिशवी चिरायची. एक ऐकीव दंतकथाही आहे, की नवरदेव किमान चौदा वेळा पकडला गेल्याशिवाय मुलगी लग्नाला तयार होत नसे. हे वाचून साहेबलोक क्लबात हसले असतील. पण त्याच प्रकरणात हेही आहे की यातले बरेच लोक तागाची शेती करतात, दोर, तरट, गोण्या विणतात. ती ओळ कुणाला आठवत नाही. चौदा अटकांची गोष्ट सगळ्यांना आठवते. मलाही तीच आधी आठवली, हे बघा.

माझ्या युनिटमध्ये सोलापूरकडचा एक हवालदार होता. नाव सांगत नाही. कामाला चोख, अंगावरची वर्दी कायम कडक. एकदा त्याच्या मुलाच्या शाळेच्या कागदपत्रांवर माझी सही हवी होती. जातीच्या रकान्यात ‘टकारी’ लिहिलेलं होतं. मी सहज विचारलं, टकारी म्हणजे काय रे? तो क्षणभर सावधान झाला, म्हणजे अक्षरशः, टाचा जुळवून. मग म्हणाला, “साहेब, टाकी लावणारे. जात्याला. आजी गावोगाव फिरून जाती टाकवायची.” जातं गुळगुळीत झालं की त्याला छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर पीठ पडत नाही. ज्यांच्या घरी दगडी जातं होतं त्यांना हे माहीत आहे. मी म्हटलं, हे तर कारागिराचं काम. तो म्हणाला, “होय साहेब. पण शाळेत मास्तर पुढचा शब्द बोलायचे.” पुढचा शब्द कुठला, ते त्यानं सांगितलं नाही. मला नंतर यादी बघितल्यावर कळलं.

ती यादी म्हणजे महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची. त्यात ‘भामटा’ ही नोंद आहे आणि तिच्या पोटात टकारी, उचले अशी नावं. काही छापील प्रतींत तर ‘घंटीचोर’ असंही वाचायला मिळतं. गंठीचोर इंग्रजी लिपीतून जाऊन परत मराठीत आला की घंटी होतो. लंडनच्या त्या शाळेतल्या घंट्या आठवल्या मला! पण ज्याच्या दाखल्यावर हे लिहिलेलं असेल त्याला हसू येणार नाही. जातं टाकवणाऱ्याचं प्रमाणपत्र, आणि वर शीर्षक भामटा.

हजेरीचंही तसंच. मी तीस वर्षांहून जास्त हजेरीच्या आवाजानं उठलो. आमच्याकडे हजेरीला आपलं नाव पुकारलं जाणं म्हणजे आपण पलटणीचे आहोत याची रोजची पावती. त्या हवालदाराच्या आजोबांच्या पिढीलाही हजेरी होती, पोलीस पाटलासमोर किंवा ठाण्यात. तिथे नाव पुकारलं जाणं म्हणजे काल रात्री तू चोरी केलीस की नाही याची चौकशी. शब्द एकच. आणि दोन्ही याद्या करणारं सरकारही एकच होतं. 1857 नंतर त्यानं एका वहीत लढाऊ जाती लिहिल्या आणि दुसऱ्या वहीत गुन्हेगार जमाती. आम्हा फौजी लोकांना पहिल्या वहीचा अभिमान बाळगायला शिकवतात. दुसरी वही वाचली की पहिलीवरचाही विश्वास उडतो, निदान माझा उडाला. महारांना आधी फौजेत घेत, मग लढाऊ नाहीत म्हणून भरती बंद केली, आणि 1941 साली महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महार रेजिमेंट उभी केली. माणसं तीच होती. गरज बदलली तशी वही बदलली.

सोलापुरात गिरण्यांच्या शहरात तारेच्या कुंपणाआड या लोकांची वसाहत होती. तो भाग अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. लक्षात घ्या, स्वातंत्र्य 1947 चं, राज्यघटना 1950 ची, आणि यांची सुटका 1952 ची. म्हणून या जमाती 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण सात वर्षांत मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, 1959 चा. त्यात जमातीचं नाव नाही, व्यक्तीचं आहे, हे कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात पोलीस चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर जातात, ते तुम्ही मला विचारू नका, त्या वस्तीला विचारा.

लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 ला आलं आणि 1988 ला त्याला साहित्य अकादमी मिळालं. गायकवाड लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. विज्ञानेश्वराचं कल्याणी तिथून काही फार लांब नाही. ज्या शब्दाची व्याख्या तिथे नऊशे वर्षांपूर्वी झाली, तो शब्द या माणसानं स्वतःच्या पुस्तकाच्या कपाळावर लिहिला. या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा नाव ठेवलं ‘द ब्रँडेड’, म्हणजे डाग दिलेले. भाषांतरकाराला इंग्रजीत शेकडो चोरशब्द उपलब्ध होते, ग्रोसचा अख्खा कोश होता. पण त्यातला एकही चालला नसता. इंग्रजी शब्दांतला चोर हा चोरी करणारा असतो. पुस्तकातला उचल्या पाळण्यातच उचल्या असतो. त्याला इंग्रजीत शब्द नाही, म्हणून डागाचा शब्द घ्यावा लागला. मला विचाराल तर आजच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे.

नाव बदलून टाका, असं कुणी सहज म्हणेल. तेही सोपं नाही. ‘राजपूत भामटा’ या नोंदीतून भामटा शब्द काढावा अशी मागणी मध्यंतरी झाली. त्याला विरोधही झाला, आणि तो त्याच समाजातून. कारण तो शब्द गेला तर कोण मूळचे आणि कोण नाहीत हे ओळखायचं कसं, सवलत भलतेच घेऊन जातील, ही भीती. ज्या शब्दानं कुंपणात घातलं त्याच शब्दाच्या आधारानं मुलगा कॉलेजात जातो. मी बाहेरचा माणूस. यावर कुणी काय करावं हे मी सांगणार नाही. त्यांनीच ठरवायचं.

कायद्याची भाषा मात्र थोडी सरळ होतेय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 304 हे हिसकावून नेण्याचं, आणि कलम 112 मध्ये टोळीनं केलेल्या किरकोळ गुन्ह्यांत खिसे कापणं, दुकानातून माल उचलणं, कार्डाची नक्कल करून पैसे काढणं हे शब्दशः नोंदवलंय. कृत्यांची नावं आहेत, माणसांची नाहीत. आणि 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदाच्या खटल्यात निकाल दिला. तो खटला सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी दाखल केला होता. विमुक्त जमातीतला म्हणून कुणाला ‘सराईत’ मानणारे तुरुंग नियमावल्यांतले उल्लेख त्यात उडवले. स्वातंत्र्याला सत्याहत्तर वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं.

तर मूळ प्रश्न विचारणाऱ्या दर्शकाला: कटपर्ससाठी गाठकापू चालेल, पिकपॉकेटला खिसेकापू किंवा पाकीटमार, किरकोळ हात मारणाऱ्याला भुरटा चोर, फुटपॅडला वाटमाऱ्या. कादंबरी मजेत भाषांतरित करा. उचल्या आणि भामटा हे दोन शब्द मी माझ्या वहीत वेगळे ठेवलेत, तुम्ही वापरताना समोर कोण बसलंय ते बघा. पुढच्या वेळी ‘पेंढारी’ घेऊ. भोसल्यांच्या काळातला छत्तीसगडचा रस्ता त्यातून जातो, आणि तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत कुणाला आजीच्या तोंडचे आणखी चोरशब्द आठवत असतील तर जरूर पाठवा. जय हिंद.